विंगेत

सातपूरच्या कामगार कल्याण केंद्रात
सहा आठवडे तालीम.
समुद्रापलीकडचं गाव, तीनशे वर्षांपूर्वीचं,
जिथं प्रार्थनेला कोण आलं नाही याची वही असे
आणि तापानं फणफणलेल्या मुली
किंचाळून शेजारणींची नावं घेत.
टोप्या भद्रकालीतल्या शिंप्यानं शिवल्या,
चुन्यासारख्या पांढऱ्या.
काळे कोट सीबीएसजवळच्या वकिलांकडून उसने.
शिंत्रे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले,
न्यायाधीश झालेत. त्यांना कोटाच्या खिशात
कुणाच्या तरी तारखेची चिठ्ठी सापडली.
ठेवू दे, म्हणाले, भूमिकेला मदत होते.

मी प्रॉम्प्टर.
नाव पत्रिकेत सगळ्यात खाली, कधी तेही नाही.
डाव्या विंगेत स्टूल, मांडीवर संहिता,
बोटाएवढा टॉर्च.
अडलेल्याच्या तोंडात शब्द असा ठेवायचा
की ऐकणाऱ्याला वाटावं, त्याचाच होता.
वाघचौरे सर म्हणतात, तुला हे जन्मतःच येतं.

जन्मतः नाही, सर. नवव्या वर्षी.
पेठच्या वर, नागलीच्या कापणीत.
भाऊ पाच दिवस तापात,
भगताच्या सुपात तांदूळ.
मला पुढं बसवलं, कारण मला स्वप्नं पडत.
घाबरू नको पोरी, बोल, कोण येतं स्वप्नात?
माझ्या स्वप्नात शाळेची घंटा येई.
एक बैल येई, बिनशिंगांचा.
मग मागून, कानाशी,
तंबाखूच्या वासाचा एक आवाज: पवळी.
मी म्हटलं, पवळी.

ओढ्याकाठी भाताचा तुकडा होता तिचा,
वैशाखातही न आटणाऱ्या झऱ्याचा.
ती मला मोहाची फुलं भाजून द्यायची.
भुताळी आहेस, कबूल कर, म्हणाले, मग सोडू.
ती विचारत राहिली,
काय काय कबूल करू ते तरी सांगा,
मला आवणी येते, गळू फोडता येतं,
अडलेली गाय सोडवता येते,
यातलं कुठलं?
पुढच्या आखाडात त्या तुकड्यात
दुसऱ्याच कुणाची आवणी झाली.
भाऊ सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी बरा झाला.
आता नाशिकरोडला रिक्षा चालवतो.
त्याला यातलं काही आठवत नाही.

प्रयोगाच्या रात्री, दुसरा अंक.
पर्णिकाचं थरथरतं बोट वर गेलं,
आणि पुढं सगळं कोरं.
नाव माझ्या मांडीवर होतं,
पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं, टॉर्चच्या उजेडात.
तिनं मान न वळवता डोळे माझ्याकडं आणले.
मी ओठ उघडले नाहीत.
एक श्वास. तीन. कुणी तरी खोकलं.
बाल्कनीतल्या पंख्याची करकर.
तेवढ्या वेळात त्या गावात
कुणीही चेटकीण नव्हतं.
ज्या बाईचं नाव यायचं होतं
ती गर्दीत, पदर नसलेल्या झग्यात
पदर चाचपत उभी होती.

मग शिंत्रे खुर्चीतून पुढं वाकले, मायेनं,
घाबरू नकोस बाळ. बोल,
कोण येतं स्वप्नात?

हे वाक्य संहितेत नाही.
मी पानं मागं उलटली, पुढं उलटली. नाही.
शिंत्रे मूळचे मिरजेचे,
पेठ त्यांनी पाहिलेलंही नाही.
खुर्ची उंच असली की
आपोआप येत असेल ते तोंडात.
पर्णिकाला नाव आठवलं. लख्ख.
टाळ्या.

परीक्षकांनी त्या विरामाचा खास उल्लेख केला,
तिला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं.
टेम्पोत सामान चढवताना
वाघचौरे सरांनी विचारलं, झोप लागली होती का तुला?
हो, म्हटलं.
खोटं कबूल करायला एवढाच वेळ लागतो.
पवळीला तेवढं जमलं नाही.

मी टोप्या मोजून गोणीत भरल्या, बारा.
शिंत्रे कोट परत करायला निघाले,
खिशात ती चिठ्ठी तशीच.