मातेबेलो

लग्नाच्या दिवशीच सासूने नाव ठेवलं: मातेबेलो.
लेसोथोच्या डोंगरांत रीतच तशी,
सून उंबरा ओलांडते
तेव्हा न जन्मलेल्या पोराचं नाव
आधीच तिच्या गळ्यात घालतात.
'मा' म्हणजे आई, तिथेही.
'तेबेलो' म्हणजे वाट पाहणं.

एकतीस वर्षं गाव हाक मारत राहिलं,
झऱ्यावर, गिरणीवर, कुणाच्या मयताला,
आणि प्रत्येक हाकेत एक मूल
आत यायचं राहून जायचं.

रविवारी रुळाच्या तुकड्यावर घण पडला
की ती प्रार्थनेला जाई. मागचा बाक.
स्तोत्र एकशे तेरा आलं
की शेवटच्या वचनाला मान वर करून
छपराचे खिळे मोजी.
वांझेला तो घरात नांदवतो म्हणे,
लेकरांची सुखी आई करून.
खिळे दोनशे सहा.
एक गंजून पडला, तेव्हा गावात फक्त तिला कळलं.

मोत्लात्सी वेल्कमच्या खाणीत.
नाताळला यायचा: साखर, रॉकेल, नवं ब्लँकेट,
आणि दर वर्षी थोडा जास्त खोकला.
शेवटी खोकलाच घरी आला,
माणूस नावापुरता.
मेंढवाड्यामागे पुरला त्याला.

पुढच्या हिवाळ्यात, बर्फ दाराला टेकलेलं,
ट्रकवाल्याने एक पोरगा उतरवला.
नऊ वर्षांचा. हातात प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत पाटी, एक स्वेटर, आणि चिठ्ठी,
कुठल्याशा बाईच्या अक्षरात:
मी आता फार दिवसांची नाही.
याचा बाप तुमचा होता.

नाव ल्वांडिले. भाषा निराळी.
कान मात्र मोत्लात्सीचे,
वाऱ्याला दार उघडं ठेवल्यासारखे.

ती उंबऱ्यात उभी राहिली. बराच वेळ.
मापुलेंग शेजारीण नंतर सांगायची,
चुलीवरचा मक्याचा पापा करपला
तो वास खालच्या वस्तीपर्यंत गेला.
मग म्हणाली,
बूट काढ. ओले आहेत.
करपलेलं तिने घेतलं. मधलं त्याला.

त्या रात्री ते वचन
पहिल्यांदा स्वतःहून उघडलं,
बोट ठेवून, अक्षर अक्षर.
घर होतं त्यात. नांदवणं होतं.
लेकरं होती, आनंद होता.
कूस कुठेच नव्हती.
जन्म हा शब्दच नव्हता!
एकतीस वर्षं तो तिनेच वाचला होता,
तिने, सासूने, साऱ्या गावाने,
पुस्तक न उघडता.

मोत्लात्सीला माफ केलं का?
कोण जाणे. एकदा थडग्याशी जाऊन आली
तेव्हा घसा बसला होता,
आणि दोन दिवस बसलेलाच राहिला.

पदर नव्हता तिला,
मोठ्या पिनेने अडकवलेलं ब्लँकेट होतं,
पण पडायचं ते त्यातच पडलं
आणि झोपेत लाथा मारू लागलं.

ऑगस्टात पीचला फुलं आली, पानांच्या आधी.
शाळेत मास्तरांनी विचारलं, आईचं नाव?
पोराने सांगितलं, उच्चार जरा वाकडा.
मग तू तेबेलो?
नाही. ल्वांडिले.
मास्तरांनी दोन्ही नावं लिहिली,
शेजारी शेजारी, काही न विचारता.

घरी येताना चढावर त्याने विचारलं,
तेबेलो कोण?
ती दमली होती. दगडावर टेकली.
होता एक, म्हणाली,
तू यायच्या आधी घरात राहायचा.