कांद्यापासून राज्य

तीन जाडजूड पुस्तकं होती नियमांची.
पहिल्यात तलवारीचे एकोणीस प्रकार,
दुसऱ्यात पडण्याचं कोष्टक,
किती फुटांवरून, कशावर, चिलखतासकट की शिवाय.
तिसरं उघडलंच नाही मी,
त्याच्यावर दोन आठवडे कॉफीचं भांडं ठेवलं.
शेवटी घेतलं ते बावीस पानांचं चोपडं,
ज्यात निम्म्या ठिकाणी एवढंच लिहिलंय :
इथे तुमचं तुम्ही ठरवा.

ठरवा म्हणे.
केमीतला जानेवारी, दुपारी दोनलाच अंधार,
खिडकीपलीकडे बंद कागद कारखान्याचं धुराडं
आणि माझ्या हातात पेन्सिल,
नको इतकी टोकदार.

आधी डोंगर काढले. सगळेच काढतात.
मग नदी. ती डोंगर चढत होती,
ते आर्नेने बोट ठेवून दाखवलं.
तेवीस वर्षं बर्फफोड्या जहाजावर काढलेला माणूस,
पाण्याबद्दल त्याच्याशी कोण वाद घालणार?
"ड्रॅगन ठेव हवा तर," तो म्हणाला,
"पण माणसं ड्रॅगनने मरत नाहीत फारशी.
ओल्या मोज्यांनी मरतात."
म्हणून आमच्या राज्याचा पहिला कायदा मोज्यांचा :
रात्री शेकोटीशी वाळवले नाहीत
तर सकाळी प्रत्येक दानातून दोन वजा.

पिर्यो-लीसा रात्रपाळी संपवून आलेली,
गळ्यात अजून इस्पितळाचं ओळखपत्र.
"एक झोप काढली की जखम भरते?
कुठला वॉर्ड हा? मला बदली हवीय तिथे."
मग जखमेला सहा आठवडे दिले.
सहा आठवडे पडून राहायचं तर खाणावळ हवी,
खाणावळीला कांदे, कांद्यांना रस्ता,
रस्त्यावरचा बर्फ लोटायला माणूस,
त्याच्या पगाराला कर,
कर बुडवणारे म्हणून शिपाई,
शिपायांवर कोणीतरी, त्याच्यावर आणखी कोणी.
नालासाठी घोडं म्हणतात, तसं
कांद्यासाठी सिंहासन आलं.
माझा सात पानी राजवंश, पिढ्या, शाप, कुळचिन्हं,
सगळं कपबशीखाली.

हेल्का चौदाची. तिने देव मोजले.
"सात? नावं तरी सांग बघू न बघता."
मला चार आले.
दोन ठेवले मग, एकमेकांशी न बोलणारे.

मग पान सतरा :
मेलेल्याला परत आणण्याचा मंत्र. खर्च, हजार मोहरा.
आर्नेने पाईप शोधला, जो त्याने कधीच सोडलाय.
पिर्यो-लीसा म्हणाली, "खोड ते.
नाहीतर हजार मोहरावालेच परत येत राहतील."
खोडलं.
हेल्का म्हणाली, "मग फुकट करा ना. सगळ्यांनाच."
यावर कोणी काही बोललं नाही.
फ्रिज घुरघुरला आणि थांबला.
मी समासात एक प्रश्नचिन्ह काढलं,
जरा फिकटच.

इल्मोचा बुटका लोहार होता मागच्या खेळात.
इल्मो आता सीमेपलीकडे, लुलेओला, वेल्डिंग करतो,
फोनवर म्हणाला, मारून टाका खुशाल.
मारला नाही. नकाशात पूर्वेला, नदी संपते तिथे,
एक भट्टी काढली. धूर दाखवला.
नियम नाही तिच्यासाठी काही.

साडेआठला खेळ सुरू झाला.
चौघांचे मोजे कोरडे, खिशात अकरा मोहरा,
कर्ज नेमकं कोणाचं यावर भांडण,
आणि पहिल्याच दानाला
फासा टेबलावरून उडून फ्रिजखाली.

बावीस पानं चाळली. यावर काही नाही.
आर्ने म्हणे धरायचा. पिर्यो-लीसा म्हणे पुन्हा टाक,
जमिनीवर पडलेलं आम्ही वापरत नाही.
हेल्का फरशीवर पालथी, गाल टेकून,
मोबाइलचा उजेड आत सोडून.
"दिसला," ती म्हणाली.
किती?
"नाही सांगणार.
आधी ठरवा, धरायचा की नाही."