तिसरा

पहिल्या फेरीत मी तिसरा आलो.
अठरा हजार चारशे सहा.
आकडा पाठ झालाय, जसे एके काळी
घणसोलीतले सगळे मीटर पाठ होते मला:
तळवलीकडचं फुटकं झाकण,
गोठिवलीच्या शाळेमागचा अडकून बसणारा काटा.

निम्म्याहून जास्त कुणालाच नाही,
म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा मतदान,
वरच्या दोघांत.
पक्ष नाही, झेंडा नाही, चिन्हसुद्धा नाही,
महापौरपदासाठी यंत्रावर नुसती नावं.
नाक्यावर लोक म्हणत, ही कसली निवडणूक,
राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

सोमवारी शैलजा केणी आल्या.
चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या.
मंगळवारी इक्बाल दळवी,
त्यांनी आधी खालची टाकी वाकून बघितली, मग जिना चढले.
दोघांनाही कमलने तोच चहा दिला, आलं ठेचून.
दोघांनीही तेच विचारलं, जरा वळसा घेऊन:
हरेश्वरभाऊ, तुमची मतं आता कुठे जाणार?

तुमची मतं.
जणू ती माझ्या माळ्यावर आहेत,
पितळी हंड्याशेजारी, गोणीत, तोंड बांधून,
कुणी टेम्पो आणायचा
आणि मी नुसतं हो म्हणायचं.

रात्री मी ती गोण शोधायला निघालो.
सेक्टर नऊच्या कोपऱ्यावर माझाच फ्लेक्स
सुकटवालीच्या टोपल्यांवर ताणलेला.
जोडलेले हात घडीत गेलेले,
चेहरा अर्धा, हसू मात्र शाबूत.
"राहू द्या ना दादा," ती म्हणाली, "दव पडतं."
मत दिलंस का मला, असं विचारणार होतो.
विचारलं, बोंबील कसे दिले?

जिन्यात गावंडांचा मुलगा भेटला. म्हणाला,
मी तुम्हालाच दिलं, काका,
बाकीची नावं वाचायचा कंटाळा आला होता.
तळमजल्यावरची तांडेलांची म्हातारी म्हणाली, दिलं तर.
अठ्ठ्याण्णव साली तू आमचं कनेक्शन तोडायला आलास,
पाणी प्यालास,
आणि न तोडताच गेलास, पक्कड विसरून.
अजून आहे ती. हवी तर ने.

म्हणजे अठरा हजार चारशे सहातली
दोन लागली हाताला, दोन तऱ्हांची.
बाकीची मोजायला
आणखी एक नोकरी करावी लागेल.

मतदानाच्या आदल्या रात्री
भाकरी थापता थापता कमल म्हणाली,
मी पहिल्या फेरीत केणीबाईंना दिलं होतं.
भाकरी तव्यावर पडली. पाण्याचा हात फिरला तिच्यावर.
"तुम्ही आला असता निवडून,
तर लोक परत रात्री-बेरात्री दारात.
तीस वर्षं आलेच की, नळ आला नाही म्हणून.
मला आता झोप हवी होती."
राग यायला हवा होता.
मी बघत राहिलो.
भाकरी फुगली.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात रांग.
पहिल्या फेरीची शाई नखाबरोबर वर सरकलेली,
मुळाशी नवं कोरं नख, तांदळाच्या कणीएवढं.
बाईंनी या वेळी मधलं बोट मागितलं.
आडोशामागे यंत्र.
मी आधी माझं नाव शोधलं,
सवयीनं,
जसा मी अजूनही चालता चालता
परक्याच्या दारातलं झाकण उचलून बघतो,
काटा फिरतोय की नाही.

कुठलं बटण दाबलं ते सांगणार नाही.
कमललाही सांगितलं नाही.
तिनं विचारलं नाही, मीही नाही.
निकाल मंगळवारी आहे.

येताना तांडेलांकडे थांबलो.
पक्कड घेतली.
गंजलीय.
पण तोंड उघडतं.