थांबा

रुस्तावीच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
नाझिब्रोला बाई काचेची सिरिंज खिडकीकडे धरतात.
आत तपकिरी वायू, करपल्या साखरेच्या रंगाचा.
टोकाला रबरी बूच.
"पापणी लववू नका," म्हणतात,
आणि दट्ट्या दाबतात.

रंग गडद होतो.
मुलं लिहून मोकळी : दाबलं की गडद.
मागच्या बाकावर गोचा पेनसुद्धा मिटवतो.

थांबा, म्हणतात बाई.
त्या थांबण्यात, श्वासभराच्या आत,
गडदपणा जरासा निवळतो.
पहिल्याइतका फिका नाही,
जरासाच.

जागा आकसली तेव्हा
दोन-दोन रेणूंनी एकमेकांना धरलं.
दोनाचा एक झाला,
आणि त्या एकाला रंग नसतो.
अजूनही जुळतायत, सुटतायत,
जितके जुळतात तितकेच सुटतात,
म्हणून बाहेरून सगळं शांत.

बाईंचे वडील ओटिया
खताच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर, रात्रपाळीला.
चार रेणू आत, दोन बाहेर,
काटा तीनशेच्या खाली आला की शिव्या.
निवृत्तीनंतरही ते घरात ओरडूनच बोलत,
मीठ मागायचं असलं तरी.

आणि त्या हिवाळ्यात सुखुमीहून माणसं आली.
खोल्या दोन, माणसं अकरा, चूल एक.
पहिला आठवडा सगळेच गडद.
मग कधीतरी
वीस वर्षं अबोला धरलेल्या दोन आत्या
एका रजईत झोपलेल्या दिसल्या.
(बाई हे वर्गात सांगत नाहीत.
माणसं वायू नसतात, हे त्यांना ठाऊक आहे.)

"आणि ज्याला कुणाशीच काही करायचं नाही
असा वायू आत सोडला तर? डबा तेवढाच ठेवून?"
गोचा विचारतो, चिडवायला.

"दाब वाढेल. समतोल तसूभर हलणार नाही."

बाईंना वर्लाम आजोबा आठवतात :
चुलीजवळ, टोपी डोक्यावर ठेवूनच,
चार महिने, चकार शब्द नाही.
आई त्यांच्यापुढे वाडगा ठेवायची,
रिकामा उचलायची.

त्या दट्ट्या मागे ओढतात.
रंग एकदम विरळ,
आणि मग, सावकाश, पुन्हा भरू लागतो.
जागा मिळाली की जोड्या सुटतात :
एक आत्या बातुमीला, दुसरी थेस्सालोनिकीला,
म्हाताऱ्यांची सेवा करायला.
फोनवर पुन्हा भांडण.

घंटा होते.
गोचा पेन उघडतो.
लिहिलेलं खोडत नाही,
नुसतं पूर्णविरामाला खाली शेपूट काढतो :
दाबलं की गडद,