अकराशे चाळीस

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत माझा वर्ग.
खाली लाद्या फुटतात, वर क्रियापदं.
समिधा कुबल खिडकीशी बसते.
तिच्या वहीत अकराशे चाळीस शब्द :
हिरव्या शाईत इंग्रजी, निळ्या शाईत मराठी,
आणि समासात पेन्सिलीनं मालवणी,
कारण ‘ट्वायलाइट’पुढे संधिप्रकाश लिहून तिचं भागेना.
तिनं लिहिलं, तिनसान.

लेखीत तिला पन्नासपैकी एकोणपन्नास.
एक गेला तो माझ्या चुकीनं.
तोंडीला मी विचारलं, काल काय केलंस?
ती उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं,
पुन्हा गुंडाळलं.
खाली एक लादी फुटली.
बसली.
“येता सर. गळ्यापर्यंत येता. मगे थंयच बसता.”

तिच्या शेजारचा बस्त्याव चौथीतून उठलेला,
देवबागेत होडी चालवतो.
त्याच्याजवळ शब्द साठ. मी मोजलेत,
एक अख्खा दिवस त्याच्या होडीत बसून.
कम मॅडम, सिट मॅडम, वॉटर नो डीप,
मॉर्निंग डॉल्फिन व्हेरी हॅपी.
साठ फळ्यांची होडी, त्यातही फटी,
तरी रोज संगमापर्यंत जाते
आणि माणसं हसत उतरतात.

मी शिकवत आलो : शब्द वाढवा, बोलणं मागून येईल.
फळ्यावर रेघही काढायचो, तिरकी, वर जाणारी.
बस्त्याव त्या रेघेच्या पार वर कुठंतरी,
समिधा पार खाली,
आणि रेघ आपली सरळच्या सरळ.

मार्चात एका परदेशी बाईच्या पायात
पाकटाचा काटा गेला.
बस्त्यावनं तिला उचलून किनाऱ्यावर आणलं.
फिश बॅड, फिश बॅड. साठही संपले.
बाई रडत भराभर काही सांगत होती,
हा नुसता येस येस.
समिधा तिथंच आईबरोबर सुंगटं वाळत घालत होती.
तशीच आली, खारट हातांनी,
गुडघ्यांवर बसली.
(हे सगळं बस्त्यावनं सांगितलेलं. मी तिथं नव्हतो.
तेव्हा तिच्या गळ्यात काय चाललं असेल,
ते रापण ओढणाऱ्यांना विचारावं.)
तिनं घोट्याला बोट लावलं :
“नम्?”

बाई रडायची थांबली.
“नो. बर्निंग.”
“बर्निंग,” समिधा म्हणाली. “हॉट वॉटर. आय ब्रिंग. वेट.”

भविष्यकाळात तिला पैकीच्या पैकी होते.
तो ‘विल’ वाळूत कुठं सांडला, कोण जाणे.
मी शोधायला गेलो नाही.

सोमवारी तिची वही चाळली.
सहाशे बारावा शब्द, नम् : बधिर.
समासात, पुसट : मुंग्यो इल्यो.
“सर,” ती म्हणाली, उठायच्या आधीच,
“पाकटाक काय म्हणतत?”
मला येत नव्हतं.
खाली थंड्याच्या पेटीसाठी बर्फ न्यायला आलेला बस्त्याव
जिन्यातून ओरडला,
“स्टिंगरी!”

एकसष्ट.