मधली धार

पहिली धार जाऊ द्यायची,
शेवटची नको,
मधली तेवढी बाटलीत धरायची.
सावा नदीकाठच्या एकशेबारा घरांत
मी हे सांगत फिरले.
बायका डोक्याचा रुमाल तोंडाशी धरून हसायच्या,
पुरुष हसायचे नाहीत,
बाटली पाठीमागे लपवून आणायचे.

सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी.
प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी, नाव, घरनंबर.
फिकट, गवती, आलुबुखारच्या दारूसारखी पिवळी.
खड्डा आला की
अख्खं गाव एकमेकांवर किणकिणायचं.

बोलणाऱ्या दुखण्यांना मी भ्यायले नाही.
यागाच्या पोरीला जळजळ, थंडी, एकशे दोन ताप:
गोळ्या दिल्या, पाणी पाज म्हटलं, पाचव्या दिवशी ती शाळेत.
अन्तालला मुतखडा झाला तेव्हा तो गाडीच्या पेंढ्यात
बैलासारखा ओरडत लोळला,
खडा पडला,
त्याने तो काडेपेटीत ठेवला.
लग्नात, बारशाला, कुठेही
उघडून दाखवायचा.

हे दुखणं बोलत नव्हतं.
पाय सुजत नव्हते, रक्तदाब शहाण्यासारखा.
फक्त तळहात तांब्यासारखे व्हायचे,
जिना चढताना दम,
रात्रीतून तीनदा उठणं.
मी परीक्षानळीत आम्लाचे आठ थेंब टाकायची.
गढुळलं की वहीत अधिकचं चिन्ह.
पुढं शहरात सोनोग्राफी:
डॉक्टर व्हुकासोविच पडद्याकडे बोट करायचे,
मूत्रपिंडं सुकल्या अक्रोडाएवढी.

मान्दाने बर्फावर लाल पाहिलं.
बीट खाल्लं होतं, म्हणाली.
कधी?
आठवड्यापूर्वी.
दुखत नाही गं, म्हणाली,
आणि माझ्या पोटात गोळा आला,
कारण दुखत नाही तेच वाईट.
तिचं एक मूत्रपिंड, नळीसकट, काढलं.
त्यानंतर ती सात वर्षं जगली. कोंबड्यांना हाक मारायची तेव्हा
पलीकडच्या गल्लीत ऐकू यायची.

पाणी कुठेतरी मुरतंय, सगळे म्हणायचे.
आम्ही पाण्यालाच धरलं.
चर्चमागच्या विहिरीला
वीस वर्षं पाण्यात पाहिलं,
शेवटी तिच्यावर काँक्रीटचं झाकण टाकलं.
नळ आले.
अधिकची चिन्हं थांबली नाहीत.

लेकी दूर दिलेल्या वाचायच्या,
सुना इथं आलेल्या, पंधरा-वीस वर्षांनी गढुळायच्या.
वहीत हे माझ्यासमोर होतं, माझ्याच अक्षरात.
मी डोंगरातली.
विसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आले.
हा हिशोब मी कधी मांडला नाही.
कोणी मांडतं?

एका मंगळवारी पेटीत एकशेतेरावी बाटली होती,
पट्टी नसलेली.
व्हुकासोविच ती उजेडाला धरून म्हणाले,
ही कोणाची?
मी नळीकडे बघत राहिले.
ताकाची निवळी कशी दिसते,
तशी.

उत्तर गव्हात होतं.
बांधावरचं तण, आम्ही त्याला लांडग्याचा पाय म्हणतो,
पिवळट फुलं, इवल्या नासपतीसारखी बोंडं.
कापणीत बी गव्हाबरोबर यायचं,
गिरणीत त्याचंही पीठ व्हायचं.
म्हणजे विष माझ्याच हातचं.
शनिवारी सहा पाव भाजायची,
एक शेजारी द्यायची, गरम असतानाच,
ते बरं लागतं.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार शहरात,
चार तास यंत्राशी.
हातातली शिर बोटाखाली मधमाशीसारखी गुणगुणते.
दिवसाला साडेतीन पेले पाणी.
वसंतात सावा काठ सोडून कुरणात शिरते,
सगळीकडे पाणीच पाणी,
मी खिडकीशी बर्फाचा एक खडा चघळत बसते.

मुलगा म्हणतो, गहू आता चाळून येतो,
फवारणी होते, तू कशाला जातेस.
तरी यंत्र नसलेल्या दिवशी
बांधाला जाऊन ते उपटते.
मुळं खोल आहेत, अर्धी तुटून आत राहतात.
हाताला वास येतो.
साबणाने जात नाही.