पाणी माझं, तेल फादरांचं

चिलोएच्या पूर्वेला आमचं बेट. माणसं एकशे बारा,
मेंढ्या त्याच्या तिप्पट,
आणि किनाऱ्यावर लाकडी चर्च, खिळ्यांऐवजी खुंट्यांनी जोडलेलं.
चावी माझ्याकडे असते.
चावी म्हणायची एवढंच, बोटीचा जुना खिळा आहे, वाकवलेला.

फादर ओव्हिदियो वर्षातून दोनदा येतात, समुद्राने येऊ दिलं तर,
लाँचमधून, ओलेचिंब, काळी पेटी पोटाशी धरून.
एका दिवसात सगळं उरकावं लागतं.
सकाळी पोरांच्या जिभेवर पहिला ख्रिस्तप्रसाद,
दुपारी लग्न, नवरी सात महिन्यांची पोटुशी, कुणी हसत नाही,
मग ओहोटीच्या आत पापं ऐकायची,
रांग पार मेंढ्यांच्या फाटकापर्यंत.
उरलेलं वर्ष माझं.

मी फिस्काल. बापही फिस्कालच होता.
रविवारी माळ म्हणवून घेतो, मेलेल्याला पोचवतो,
आणि जन्मलेलं मूल निळं पडायला लागलं
तर किटलीतलं पाणी कपाळावर ओततो. कोमट,
उगाच दचकायला नको.
पित्याच्या नावाने, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या.
वहीत नाव पेन्सिलीने लिहितो,
फादर आले की शाईने गिरवतात.
तेवढीच परवानगी.
पाणी माझं, तेल फादरांचं.

ऑगस्टात क्लोरिंदा राईन अंथरुणाला खिळली.
कास्त्रोचं बंदर बंद, रेडिओवर नुसती खरखर.
मी बटाट्याची पोती रचत होतो, तिची नात धावत आली,
नोल्फा, जिला मी पेन्सिलीने लिहिलं होतं
एकोणीस वर्षांपूर्वी.

म्हातारी चुलीशेजारच्या बाकावर.
म्हणाली, दार लाव.
म्हटलं, क्लोरिंदा, माझ्यानं क्षमा होत नाही.
म्हणाली, मागितली कुणी? बस.

काय बोलली ते सांगणार नाही.
दोनदा चुलीत लाकूड घालावं लागलं, एवढं सांगतो.
शेवटी तिने हात पुढे केला, तळवा वर,
तेल लावून घेताना धरतात तसा.
फळीवर दिव्याचं तेल होतं.
माझा हात उठला होता.
खाली घेतला.
किटलीतलं पाणी फडक्यावर घेतलं
आणि तिचा तळवा पुसला,
मासे साफ केल्यावर पुसतो तसा, बोटांच्या बेचक्यांतून,
काही न म्हणता.
ह्याला नाव काय, मला माहीत नाही.
वहीत नोंद नाही, पेन्सिलीनेही नाही.

नऊ दिवसांनी फादर आले. माती अजून बसली नव्हती.
कबरीवर त्यांनी पाणी शिंपडलं, पाऊस होताच.
मग मी जाळीपाशी गुडघे टेकले,
आपलं होतं ते सांगितलं, आणि थांबलो.
आणखी काही? त्यांनी विचारलं.
आहे, म्हटलं, पण ते माझं नाही.

जाळीपलीकडून खोकला आला, मग बराच वेळ काही नाही.
जड आहे ना, ते म्हणाले.
हो.
माझ्या वाटणीची क्षमा त्यांनी दिली,
प्रायश्चित्त नेहमीचंच.

शेजारच्या वाडीत एक माणूस आहे,
त्याला हल्ली मी आधी नमस्कार करतो.
तो चमकून बघतो.

बाहेर भरती लागली होती,
आणि लाँचचा दोर धरायला कुणीतरी हवं होतं.